मंदिरपथगामिनीचा शिल्पकार : गणपतराव म्हात्रे



चरित्रलेख या वाङ्मयप्रकाराचा परिचय करून घेताना आतापर्यंत आपण ज्या व्यक्तींची चरित्रे वाचली, त्या सर्वांनी शब्दांत काहीतरी मागे ठेवले होते. कोणाची पत्रे होती, कोणाचे आत्मकथन होते, कोणाचे अग्रलेख होते. या पाठातील व्यक्तीची साक्ष माती, प्लास्टर, ब्राँझ आणि संगमरवर यांत आहे. मूर्तिकार गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांचे चरित्र लिहायचे म्हणजे प्रामुख्याने त्यांच्या मूर्ती वाचायच्या. भाषेच्या विद्यार्थ्याला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. कृतीवरून कर्त्याकडे जाणे आपण रोजच करीत असतो.

हा पाठ मी धायरीत बसून लिहीत आहे. येथील टेकडीवर धारेश्वराचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला पहाटेपासून त्या वाटेने स्त्रियांची रीघ लागते. तुमच्या गावातही असे एखादे देऊळ असेल. पूजेचे साहित्य हाती घेऊन चढण चढणाऱ्या स्त्रीची चाल जरा लक्षपूर्वक पाहा. हातातले सांडू नये म्हणून खांदे स्थिर राहतात, नजर वाटेवर असते पण वाटेत गुंतलेली नसते, आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश सरकतो. बाजाराला निघालेल्या त्याच स्त्रीची चाल निराळी असते. हा फरक आपल्याला दिसतो, पण सांगता येत नाही. १८९६ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विशीच्या उंबरठ्यावरच्या एका विद्यार्थ्याने तो मातीत घडवून दाखवला. तो विद्यार्थी म्हणजे गणपतराव. जन्माने ते पुण्याचेच.

ज्या शाळेत ते शिकले तिची घडण समजून घेतल्याशिवाय या कृतीचे नवल कळणार नाही. जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. स्थानिक कारागिरांची कसबे सुधारावीत आणि जमल्यास त्यातून चित्रकार-शिल्पकार निर्माण व्हावेत, असा तिचा दुहेरी आणि काहीसा गोंधळलेला हेतू होता. १८६५ साली आलेल्या लॉकवुड किपलिंग यांनी विद्यार्थ्यांकडून इमारतींवरील कोरीवकाम करवून घेतले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पे त्यांची आहेत, आणि तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भिंतींवरील पानाफुलांत व पशुपक्ष्यांत याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. त्यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून बारा-तेरा वर्षे विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवल्या. एकीकडे अजिंठा आणि दुसरीकडे ग्रीक व रोमन मूर्तींचे युरोपातून आणलेले प्लास्टरचे ठसे, अशा दोन टोकांमध्ये हे शिक्षण चालत असे. रोजच्या सरावात मात्र ठशांचेच राज्य होते. विद्यार्थी त्यांच्यासमोर बसून मानवी शरीराचा तोल, स्नायूंचा ताण आणि वस्त्राच्या चुण्या यांचा अभ्यास करीत. ज्या देवतांच्या कथा त्यांना ठाऊक नव्हत्या, त्यांचे गुडघे त्यांना तोंडपाठ होत.

म्हात्रे यांनी या अभ्यासाचे काय केले? त्यांनी नऊवारी नेसलेली, पूजेला निघालेली एक महाराष्ट्रीय तरुणी घडवली. तिच्या उभे राहण्यात ग्रीक मूर्तीचा तोल आहे. भार एका पायावर आहे आणि दुसरा गुडघा किंचित वाकलेला आहे. अंगाला बिलगणाऱ्या लुगड्याच्या चुण्यांतही त्या ठशांचा अभ्यास स्पष्ट दिसतो. परंतु नऊवारीच्या नेसण्यात कापडाला स्वतःची एक शिस्त असते. मागे खोचलेला काष्टा, मांडीवरून जाणारा ताण, खांद्यावरून उतरणारा पदर यांचे नियम ग्रीक मूर्तींत सापडत नाहीत. ते घरातच पाहावे लागतात. शाळेने दिलेले आणि घराने दिलेले असे दोन्ही ज्ञान या एका देहात सांधा न दिसता एकत्र आले आहे, हे या कृतीचे खरे यश. त्याच सुमारास राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील चित्रांमुळे नऊवारीतील देवी घरोघर पोहोचल्या होत्या. पण म्हात्रे यांच्या मूर्तीतील स्त्री देवी नाही, देवीकडे जाणारी आहे.

बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात या शिल्पाला पदक मिळाले. इंग्रजीत त्याचे नाव टु द टेम्पल, मराठीत मंदिरपथगामिनी. येथे भाषेचा अध्यापक म्हणून थोडे थांबण्याची मुभा घेतो. इंग्रजी नावात माणूसच नाही. आहे ते एक शब्दयोगी अव्यय आणि एक स्थळ, म्हणजे केवळ दिशा. १८९८ साली रवींद्रनाथ ठाकूर यांनी या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला, त्याचे शीर्षक मंदिराभिमुखे. अभिमुख म्हणजे तोंड करून असलेला. त्या नावात दिशेबरोबर मुद्राही आली. मराठी नावात मात्र कर्ती आली. गम् या धातूपासून झालेला गामिन् हा शब्द संस्कृत व्याकरणात स्वभाव किंवा सवय दाखवणाऱ्या प्रत्ययाने सिद्ध होतो. त्यामुळे गामिनी म्हणजे नुसती आज जाणारी नव्हे. जाणे जिच्या अंगवळणी पडले आहे ती गामिनी. मूर्तीच्या चालीत जी सहजता आहे तिला हा प्रत्यय किती नेमका लागू पडतो ते पाहा. एरवी तीन संस्कृत शब्दांची मोळी बांधलेली शीर्षके मला फारशी मानवत नाहीत. देवळाला निघाली असे कोणी म्हटले असते तर ते अधिक मराठी झाले असते. तरीही हा समास टिकला आणि लोकांच्या तोंडी बसला, याला त्यातील अचूकपणा कारण असावा.

या मूर्तीचे माध्यम प्लास्टर आहे. मूर्तिकामात प्लास्टर हा मधला मुक्काम असतो. शिल्पकार आधी मातीत घडवतो. माती सुकली की भेगा पडतात, म्हणून तिच्यावरून साचा घेऊन त्यात प्लास्टर ओततात. त्या प्लास्टरच्या मूर्तीवर ठिकठिकाणी खुणा करून त्यांची अंतरे मोजतात आणि ती मापे दगडावर उतरवून संगमरवर कोरतात. नाहीतर त्याच प्लास्टरवरून धातूचे ओतीव काम करतात. संगमरवरापर्यंत जायचे तर मोठा दगड विकत घ्यावा लागतो, तो कोरणारे हात लागतात आणि या सर्वांचे पैसे देणारा कोणीतरी लागतो. विद्यार्थ्याजवळ यांपैकी काहीच नसते. मंदिरपथगामिनी जगाला ठाऊक झाली ती या मधल्या मुक्कामावर थांबलेल्या रूपातच.

याच काळात युरोपात काय चालले होते हे पाहिले म्हणजे तुलनेला एक आधार मिळतो. साहित्यविचाराच्या पाठात तुम्ही प्रतीकवाद ही संज्ञा अभ्यासली आहे. १८८६ साली झाँ मोरेआस यांनी पॅरिसमध्ये त्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. वस्तूचे हुबेहूब चित्रण करण्यापेक्षा तिच्यातून अंतर्मनाची अवस्था सुचवावी, हा त्या काळच्या कवींचा आग्रह होता, आणि चित्रकार-शिल्पकारांनाही त्याची ओढ लागली होती. त्या वातावरणात दिवाणखान्यात ठेवता येतील अशा छोट्या संगमरवरी आकृतींना विशेष मागणी होती. ऑग्युस्त रोदँ यांची दानाइद ही संगमरवरी मूर्ती १८९० च्या सुमाराची असून तिची उंची हातभरही नाही. गळक्या भांड्यात पाणी भरीत राहण्याची शिक्षा झालेल्या ग्रीक पुराणकथेतील बहिणींपैकी ही एक. ती खडकावर कोसळली आहे आणि तिचे केस पाण्यासारखे दगडात मिसळून गेले आहेत. त्यांची शिष्या व सहकारी कामीय क्लोदेल याच वर्षांत एका लहान मुलीचे मस्तकशिल्प संगमरवरात कोरीत होत्या. त्या मुलीचे वर उचललेले डोळे पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात.

म्हात्रे यांना या मंडळींचा परिचय असल्याचे मानण्याची गरज नाही, आणि त्यांना प्रतीकवादी ठरवण्याचा मोह तुम्ही टाळावा. त्यांची रीत वास्तववादीच आहे. पण दोन्ही आकृती मनात शेजारी ठेवून पाहा. एकीच्या वाट्याला निष्फळ कष्ट आले आणि ती कोसळली, दुसरी हातात पूजा घेऊन चालते आहे. एकीला पुराणकथेचा आधार लागतो, दुसरीला कोणतीही कथा नाही, नावही नाही. आतल्या अवस्थेकडे निर्देश मात्र दोघीही करतात. मंदिरपथगामिनीचे मंदिर शिल्पात कोठेच नाही. ते तिच्या मुद्रेवरून आपण उभे करतो.

शिल्पाची छायाचित्रे लंडनला सर जॉर्ज बर्डवुड यांच्यापर्यंत पोहोचली. बर्डवुड यांचा जन्म बेळगावचा. मुंबईत ते वैद्यकाचे अध्यापक होते आणि येथील संग्रहालयाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. भारतीय कारागिरीचे ते जाणकार आणि चाहते होते. तरीही १८८० सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी भारतात ललित कला म्हणून शिल्प व चित्र यांचे अस्तित्वच नाकारले होते. म्हात्रे यांचे शिल्प पाहून त्यांनी त्याची मुक्त कंठाने स्तुती केली आणि एका विद्यार्थ्याचे नाव इंग्लंडमधील कलाविषयक नियतकालिकात झळकले. रवींद्रनाथांचा लेखही छायाचित्रे समोर ठेवूनच लिहिलेला आहे. मूर्ती मुंबईत, तिची कीर्ती लंडनला आणि कलकत्त्याला, आणि दोन्हीकडे प्रत्यक्ष मूर्ती कोणी पाहिलेली नाही. छायाचित्राच्या बळावर देशभर नाव झालेले हे आपल्याकडील बहुधा पहिलेच शिल्प असावे.

या कीर्तीतच पुढच्या अडचणीचे बीज होते. १८९६ सालीच ई. बी. हॅवेल कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख म्हणून रुजू झाले. युरोपीय नमुन्यांवरून शिकवणे चुकीचे आहे, भारतीय विद्यार्थ्याने भारतीय परंपरेकडे वळावे, या मताचा त्यांनी पुरस्कार केला आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये नवा संप्रदाय उभा राहिला. १९१० साली लंडनच्या एका सभेत बर्डवुड यांनी पुन्हा आपले जुने मत मांडले. जावा बेटावरील ध्यानस्थ बुद्धमूर्तीचे छायाचित्र दाखवून त्यांनी तिची संभावना उकडलेल्या पुडिंगशी साम्य दाखवून केली. त्यावर तेथील कलावंतांनीच जाहीर निषेध नोंदवला. आता म्हात्रे यांच्या बाजूने या घटनांकडे पाहा. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांना त्यांच्यातील ग्रीक घडण भावली होती. ज्यांना भारतीयत्व हवे होते, त्यांना तीच घडण खुपू लागली. विशीत जो देशाचा अभिमान होता, तो चाळिशीच्या आत परकीय शैलीचा अनुयायी ठरू लागला. या दरम्यान मूर्तीत काहीही बदल झालेला नव्हता.

त्या पहिल्या यशानंतर सरस्वती आणि शबरीच्या रूपातील पार्वती अशी पौराणिक विषयांवरील शिल्पे त्यांनी केली. त्यांचीही वाखाणणी झाली. पण त्यांच्या पुढील आयुष्याचा मोठा भाग गेला तो व्यक्तिपुतळ्यांत. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांचा आहे. म्हैसूरच्या मध्यवर्ती चौकात छत्रीखाली उभा असलेला महाराजा चामराजेंद्र वडियार यांचा संगमरवरी पुतळाही त्यांचाच. आणि अहमदाबादसाठी त्यांनी व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा घडवला.

या शेवटच्या पुतळ्याचा विचार करताना मला नेहमी १८९६ हेच साल आठवते. त्या वेळी मुंबईत एस्प्लनेडवर व्हिक्टोरिया राणीचा एक भव्य संगमरवरी पुतळा होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो शहराला दिलेला, इंग्रज शिल्पकार मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला, १८७२ साली बसवलेला. मंदिरपथगामिनी ज्या वर्षी घडली त्याच वर्षी एका रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी या पुतळ्याला डांबर फासले आणि त्याच्या गळ्यात जोड्यांची माळ घातली. संगमरवर दिसतो अभेद्य, पण तो सच्छिद्र असतो आणि डाग आत ओढून घेतो. पुतळा पूर्ववत करण्याचे सारे प्रयत्न फसल्यावर रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी तो डाग काढला आणि त्या कामाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. एकाच शहरात, एकाच वर्षी, एका दगडी राणीच्या तोंडाला काळे फासले गेले आणि एका अनाम स्त्रीची प्लास्टरची मूर्ती घडली. पुढे त्या स्त्रीच्या शिल्पकाराला संगमरवर मिळाला, पण तो राणी घडवण्यासाठी.

यावरून म्हात्रे यांना दोष देणे सोपे आहे, आणि काही अभ्यासक ते करतातही. मला ते अन्यायाचे वाटते. तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. आवडीचे काम आणि पोट भरण्याचे काम एकच असण्याचे भाग्य किती जणांच्या वाट्याला येते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. कवीला कागद पुरतो. मूर्तिकाराला मोठी जागा लागते, दगड आणि धातू लागतो, हाताखाली माणसे लागतात, आणि ती माणसे दर आठवड्याला मजुरीची वाट पाहतात. त्या काळी या सर्वांचे पैसे देऊ शकणारे गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक, नगरपालिका, सरकार आणि स्मारक समित्या. त्यांना हवा असे तो नाव असलेला माणूस. देवळाला निघालेल्या स्त्रीचे स्मारक उभारायला कोणतीही समिती स्थापन होत नसते.

शिवाय दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तोपर्यंत मोठे पुतळे विलायतेहून जहाजाने येत असत. दगड परदेशी, हात परदेशी, आणि ज्याचा पुतळा त्याला त्या हातांनी बहुधा पाहिलेलेही नसे. रानड्यांची पगडी आणि उपरणे कोणत्या घडीने बसते हे लंडनच्या कारखान्यात कोणाला कळणार होते? म्हात्रे यांनी हे काम येथे होऊ शकते हे दाखवून दिले आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी वाट खुली झाली. पुण्यातील १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे विनायकराव करमरकर आणि शिर्डीची १९५४ सालची साईबाबांची संगमरवरी मूर्ती घडवणारे बाळाजी वसंत तालीम हे दोघेही त्याच वाटेवरचे. शिर्डीच्या मूर्तीसमोर रोज हजारो लोक हात जोडतात. ती कोणी घडवली हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. करमरकरांनी कोळणीची मूर्ती केली, तालमांनी टकळीवर सूत काढणारी व्यक्ती केली. स्वतःच्या कामात गढलेले, नाव नसलेले माणूस हा शिल्पाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव मराठी मुलखात मंदिरपथगामिनीपासून पुढे चालत आली आहे असे मी मानतो.

गणपतराव म्हात्रे यांचे निधन एप्रिल १९४७ मध्ये झाले. देश स्वतंत्र व्हायला साडेतीन महिने उरले होते. त्यानंतर राणी आणि राजप्रतिनिधी यांचे पुतळे गावोगावच्या चौकांतून हलवले गेले. नोबल यांची व्हिक्टोरिया आता भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, आपल्या छत्रीपासून दूर. मुंबईला गेलात तर ती अवश्य पाहा. तेथून जे. जे. कलाशाळा फार लांब नाही. संस्थेची परवानगी मिळाली तर मंदिरपथगामिनीही पाहता येईल. आधी समोरून पाहा, मग बाजूला सरकून काष्ट्याची रेघ कोठून कोठे जाते ते न्याहाळा. प्लास्टरला हात मात्र लावू नका, ते दगडाइतके सोशिक नसते. परतल्यावर शिल्पाचे वर्णन आपल्या शब्दांत वीस ओळींत लिहून काढा आणि त्या वर्णनात सुंदर हा शब्द एकदाही येऊ देऊ नका.